हेबा, सेबा आणि भूगोल

मेहकर म्हटलं की समोरचा माणूस लगेच म्हणतो, "म्हणजे बुलढाण्याकडचं. लोणारजवळचं." तर नाही. आमचं मेहकर बीदर जिल्ह्यातलं, भालकी तालुक्यातलं, म्हणजे कर्नाटकातलं. गावात पोलीस ठाणं आहे. सरकारी पाट्या कन्नडमध्ये. दुकानात, देवळात आणि भांडणात मराठी. मी दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकले आणि एस.एस.एल.सी. दिली ती कर्नाटक बोर्डाची. महाराष्ट्रातल्या मामेभावंडांना हे दर उन्हाळ्यात नव्यानं समजावून सांगावं लागतं. "तुमचे पेपर कन्नडमध्ये असतात का?" नाही रे, कन्नडचा तेवढा कन्नडमध्ये असतो. मराठी आमची पहिली भाषा, तिला 125 मार्क. बाकीच्या पाच विषयांना शंभर-शंभर. एकूण 625. त्यामुळं टक्के सांगायचे झाले की मला अजून मोबाइल काढावा लागतो.

निकाल लागला 9 मे 2024 ला. आमच्याच वर्षी परीक्षेच्या खोल्यांतून कॅमेऱ्यानं थेट पाहणी सुरू झाली आणि राज्याचा निकाल आदल्या वर्षीच्या 83 टक्क्यांवरून 73 वर आला. मला चांगले मार्क पडले. "कॅमेऱ्यासमोर पडलेले मार्क हायत ते," असं आबा, म्हणजे माझे आजोबा, भेटेल त्याला सांगत सुटले.

चांगले मार्क पडले की पुढं काय घ्यायचं हा प्रश्न आमच्याकडं उरतच नाही. तो कमी मार्कवाल्यांचा प्रश्न. अप्पा, म्हणजे वडील, ओल्या गोणपाटावर सोयाबीनचे शंभर दाणे ओळीनं मांडत बसले होते. पेरणीआधी बियाण्याची उगवण तपासायची असते, शंभरातले सत्तर उगवले तर बी पेरायच्या लायकीचं. मान वर न करता ते म्हणाले, "सायन्स घे. नाही जमलं तर खाली उतरता येतंय. खालून वर चढता येत नाही." मग गोणपाटाची गुंडाळी केली, सुतळीनं बांधली आणि विषय संपला.

पण मला भूगोल आवडायचा. आवडायचा म्हणजे नकाशाचं पान उघडलं की जेवायला हाक मारलेली ऐकू येत नसे, इतका. आमची मांजरा नदी बालाघाटच्या डोंगरात उगवते, बीड-लातूरकडून बीदरात येते, तेलंगणात शिरते आणि शेवटी गोदावरीला मिळते, हे आम्हाला सरांनी फळ्यावर एका रेघेत काढून दाखवलं होतं. तीन राज्यं, एक रेघ. त्या दिवसापासून मी वहीच्या मागच्या पानावर नद्याच काढायचे. आणि गणितही आवडायचं. हे दोन्ही एकत्र घेता येत असेल, असं मी धरून चालले होते. का धरून चालले होते कुणास ठाऊक. दहावीपर्यंत एकाच दप्तरात राहत होते म्हणून असेल.

अप्पा आणि मी भालकीच्या एका कॉलेजात गेलो. फॉर्ममध्ये नाव, जात, उत्पन्न, आधार नंबर हे सगळं भरलं. नाडकचेरीतून आणलेला जात-उत्पन्नाचा दाखला जोडला. पुढच्या रकान्यात शब्द होता: कॉम्बिनेशन. मी थांबले. अप्पांनी माझ्याकडं बघितलं. मी खिडकीतल्या क्लार्ककडं बघितलं.

"यावुदु बेकु?" ते म्हणाले. कुठलं पाहिजे?

"सायन्स."

"सायन्स अल्ला. कॉम्बिनेशन." आणि त्यांनी भिंतीवरच्या कागदाकडं पेन केलं. तिथं शब्द नव्हते. नुसती इंग्रजी अक्षरं, चार-चारच्या गठ्ठ्यांत. पीसीएमबी, पीसीएमसी, आणखी काही, आणि खाली काही गठ्ठे जे ते अक्षरं न सुटी करता सरळ वाचत होते: हेबा, सेबा, हेप्स. माझ्या मागं उभ्या असलेल्या पोरानं "सेबा" म्हटलं तर क्लार्कनी त्याला विचारलं, "कुठली सेबा?" कारण सेबा दोन होत्या. एक 'सी'वाली, कॉम्प्युटरची. एक 'एस'वाली, स्टॅटिस्टिक्सची. उच्चाराला दोघी सारख्या. हेबा हे तर मला कुणाच्या तरी मुलीचं नाव वाटलं. तीही एखाद्या फॉर्मच्या रांगेत उभी असेल, असं.

नंतर कळलं ते असं. बारावीपर्यंतच्या या दोन वर्षांना आमच्याकडं पीयूसी म्हणतात. दोन भाषा आणि चार मुख्य विषय. त्या चार विषयांच्या इंग्रजी नावांची पहिली अक्षरं म्हणजे कॉम्बिनेशन. पीसीएमबी म्हणजे फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स, बायलॉजी. शेवटचं अक्षर बदलून 'सी' केलं की बायलॉजी जाऊन कॉम्प्युटर येतं. हेबा म्हणजे इतिहास, अर्थशास्त्र, बिझनेस स्टडीज, अकाउंटन्सी. हेप्स म्हणजे इतिहास, अर्थशास्त्र, राज्यशास्त्र, समाजशास्त्र. विषय सुटा मिळत नाही, गठ्ठाच घ्यायचा. बाजारात कोथिंबिरीच्या जुडीत मेथीच्या चार काड्या घालून मागता येतात, इथं ते नाही.

मी धीर करून कन्नडमध्ये विचारलं, गणित आणि भूगोल?

क्लार्क वाईट माणूस नव्हता. त्यानं पेन खाली ठेवलं. माझ्याकडं बघितलं, अप्पांकडं बघितलं. "भूगोल इल्ला," तो म्हणाला. मग जरा दया येऊन, "लेक्चरर इल्ला." आणि दुपारची वेळ संपत आली होती म्हणून, "नाळे बर्री." उद्या या.

त्या रात्री उदगीरच्या आत्याचा फोन आला. "पोरीला कुठं टाकूलालाव? इकडं पाठवा की. माझ्याकडं राहील." महाराष्ट्रात अकरावीला सायन्सच्या पोरांनाही भूगोल घेता येतो, हे तिच्या मुलानं सांगितलं. मी उठून बसले. तिकडं मराठीही चालणार होती. शिवाय त्या बाजूला लातूर आहे, लातूर पॅटर्न आहे, ज्याचं नाव आमच्याकडं घरातले लोक आवाज खाली करून घेतात, जसं मोठ्या डॉक्टरचं घ्यावं तसं.

उदगीर आम्हाला परकं नाही. आबा सांगतात, 1956 च्या नोव्हेंबरपर्यंत उदगीर आणि भालकी एकाच बीदर जिल्ह्यात होते, हैदराबाद राज्यातले. भाषावार प्रांत झाले तेव्हा उदगीर, निलंगा, अहमदपूर हे तालुके तिकडं गेले, भालकी-औराद इकडं राहिले, जहिराबाद-नारायणखेड तेलुगूकडं. सोयरिकी मात्र कुणी हलवल्या नाहीत. आजी तिकडची, आई तिकडची, आत्या तिकडं दिलेली.

मग गावात चर्चा सुरू झाली, आणि चर्चेत माझ्याखेरीज सगळे बोलले. एकजण म्हणाला, बारावी तिकडं केली की कर्नाटकातली सीट गेली. दुसरा म्हणाला, दोन्हीकडची गेली. तिसऱ्यानं 371(जे) काढलं. हा आकडा आमच्याकडं लहान पोरालाही माहीत असतो. 2012 च्या 98 व्या घटनादुरुस्तीनं हैदराबाद-कर्नाटकला, म्हणजे आताच्या कल्याण कर्नाटकला, हे कलम मिळालं. त्याचं सर्टिफिकेट असेल तर इथल्या संस्थांत 70 टक्के आणि बाकी राज्यात 8 टक्के जागा आपल्या भागातल्या मुलांसाठी. चौथा म्हणाला, अरे, महाराष्ट्रानं दावा सांगितलेल्या 865 गावांतल्या मराठी पोरांना तिकडं इंजिनिअरिंगला वेगळी वाट आहे. दोन राज्यं माझे लाड करत होती आणि दोघांचे अर्ज वेगळे होते. सात वर्षं कर्नाटकात शिकलेलं असेल आणि दहावी-बारावीतली एक परीक्षा इथून दिली असेल तर इकडच्या सीईटीला चालतं, म्हणजे उदगीरला गेले असते तरी इकडची सीट मुळीच जाणार नव्हती, हे मला पुष्कळ उशिरा कळलं. तेही बसस्टँडवर, माझ्याहून दोन वर्षं पुढच्या एका मुलीकडून. मोठ्यांपैकी कुणालाच ते ठाऊक नव्हतं.

शेवटी निर्णय बसनं केला. हसू नका. जून 2023 पासून कर्नाटकात शक्ती योजना आहे. राज्याच्या बाया-मुलींना राज्याच्या बसमधून राज्याच्या हद्दीत प्रवास फुकट. आधार कार्ड दाखवायचं, कंडक्टर शून्य रुपयांचं तिकीट फाडून देतो. मेहकर ते भालकी, रोज जाऊन-येऊन, शून्य. उदगीरला आत्याकडं राहायचं म्हणजे तिच्या घरात एक ताट वाढणार, ती काही म्हणणार नाही, पण आईला ते दिसणार. महाराष्ट्राच्या एस.टी.त बायकांना अर्धं तिकीट आहे. "तिकडं अर्धं, हिकडं शून्य," अप्पा म्हणाले. आईनं हिशेब पुन्हा केला नाही.

गावात एक निवृत्त गुरुजी आहेत. मी रडवेलं तोंड घेऊन त्यांच्याकडं गेले तेव्हा ते लिंबाखाली पेपर वाचत होते. माझं सगळं ऐकून म्हणाले, "तू मागतीस ते द्यायचं सरकारनं एकदा ठरवलं होतं. तुझे अप्पा जन्मायच्या आधी." 1952-53 साली लक्ष्मणस्वामी मुदलियारांच्या अध्यक्षतेखाली माध्यमिक शिक्षण आयोग बसला होता. त्यानं बहुउद्देशीय शाळा सुचवल्या, मल्टिपर्पज. एकाच शाळेत सात गट: मानव्यविद्या, विज्ञान, तांत्रिक, वाणिज्य, शेती, ललित कला आणि गृहविज्ञान. पोरगं शाळा न सोडता आपल्या कलाप्रमाणं वळेल, आणि सुतारकाम करणारा आणि बीजगणित करणारा एकाच मैदानावर खेळतील.

"मग?"

"मग काय. शेतीचा गट म्हटला की शेत लागतं. तांत्रिकला वर्कशॉप लागतं. सगळ्यांना शिकवणारा माणूस लागतो." शिक्षक तयार करायला म्हणून 1960 नंतरच्या वर्षांत अजमेर, भोपाळ, भुवनेश्वर आणि म्हैसूर इथं चार प्रादेशिक शिक्षण महाविद्यालयं काढली, प्रत्येकाला जोडून नमुन्याची एक मल्टिपर्पज शाळा. म्हैसूरची अजून त्याच नावानं चालू आहे. बाकी ठिकाणी पाट्या राहिल्या, गट गेले. मग कोठारी आयोग आला, दहा अधिक दोन आलं: दहावीपर्यंत सगळ्यांना सगळं, आणि मग एका उन्हाळ्यात वाटणी.

इंग्लंडात पोरांना अकराव्या वर्षी परीक्षा घेऊन वेगवेगळ्या शाळांत वाटत असत, ते बंद करून सगळ्यांची एकच शाळा करा असं तिथल्या सरकारनं 1965 साली कळवलं, हेही गुरुजींनीच सांगितलं. गुरुजींना असलं सगळं पाठ आहे; बी.एड.ला होतं म्हणतात. मी हिशेब केला. त्यांची वाटणी अकराव्या वर्षी, आमची पंधरा-सोळाव्या. चार वर्षं जास्त मिळाली म्हणायची.

आता पुन्हा तेच वारं आहे. 2018 पासून कर्नाटक पब्लिक स्कूल म्हणून एकाच आवारात पहिलीपासून बारावीपर्यंतच्या सरकारी शाळा निघाल्या आहेत. 2025 च्या ऑगस्टमध्ये सुखदेव थोरातांच्या आयोगानं राज्याला अहवाल दिला, त्यातही नववी ते बारावी सलग चार वर्षांचं माध्यमिक शिक्षण सुचवलंय. मला विचाराल तर छप्पर एक असण्याचं मला फार कौतुक नाही. माझ्या भूगोलाच्या सरांना ठाऊक होतं मी वहीच्या मागं काय काढते. क्लार्कला ठाऊक असायचं कारण नव्हतं. मधे फक्त टी.सी.चा एक कागद होता. त्यावर जन्मतारीख होती, जात होती, वर्तणूक 'चांगली' होती.

पीसीएमबी घेतलं.

जूनच्या पहिल्या आठवड्यात वर्ग सुरू झाले. फिजिक्सचे सर आले, फळ्यावर धडा लिहिला, युनिट्स अँड मेजरमेंट्स, आणि बोलायला लागले. चाळीस मिनिटं इंग्रजीत. मला वाक्यं कळत होती, त्यातली नावं कळत नव्हती. मी कानावर पडेल ते देवनागरीत लिहीत गेले. 'डायमेन्शन'. 'सिग्निफिकंट'. तास संपताना सरांनी विचारलं, "एनी डाउट्स?" कुणीच हात वर केला नाही. डाउट विचारायला आधी एक अख्खं वाक्य लागतं, तेच कुणाकडं नव्हतं.

माझ्या बाकावर खटक चिंचोळीकडची एक मुलगी बसायची. कन्नड माध्यमातली. पहिले दोन दिवस मला वाटलं हिला सगळं येतं, कारण हिचं राज्य. तिसऱ्या दिवशी तिच्या वहीत डोकावले. तीही कानावर पडेल ते लिहीत होती, फक्त कन्नड लिपीत. मी तिला माझी वही दाखवली. आम्ही दोघी इतक्या हसलो की केमिस्ट्रीच्या मॅडमनी उभं केलं.

त्या दिवसापासून आमची तीन रकान्यांची वही सुरू झाली. एका रकान्यात इंग्रजी शब्द, दुसऱ्यात तिचा, तिसऱ्यात माझा. सेट म्हणजे तिच्याकडं 'गण', माझ्याकडं 'संच'. अॅक्सलरेशन म्हणजे तिचं 'वेगोत्कर्ष', माझं 'त्वरण'. वेगोत्कर्ष हा शब्द मला फार आवडला. त्वरणात नुसती घाई आहे, वेगोत्कर्षात कुणीतरी मोठं होतंय असं वाटतं. फोटोसिंथेसिस तिचं द्युतिसंश्लेषण, माझं प्रकाशसंश्लेषण. दोघींचं झाड तेच, पान तेच, आणि वर्गात दोघींचे शब्द नव्हते. मोमेंटम आलं तेव्हा मी तिसऱ्या रकान्यात 'संवेग' लिहिलं आणि तिनं दुसऱ्यात लिहून माझ्याकडं सरकवलं. तिचंही 'संवेग'. अगदी तेच. हरवलेला नातेवाईक जत्रेत सापडावा तसा आनंद झाला आम्हाला. पुढं 'बल'ही दोन्हीकडं बलच निघालं. मग आम्ही एनसीईआरटीच्या पुस्तकात असे शब्द शोधतच सुटलो, धडा बाजूलाच राहिला.

याच काळात मी बसमध्ये एक उद्योग केला. सकाळच्या बसला आमच्या गावची आणि वाटेवरच्या गावांची पंधरा-वीस पोरं असायची. ज्याला-त्याला विचारलं, तू हे कॉम्बिनेशन का घेतलंस? एकानं पीसीएमबी घेतलं होतं कारण मोठ्या भावाची पुस्तकं माळ्यावर पडून होती. एकीनं हेबा, कारण मैत्रिणीनं हेबा. एकजण गणिताला घाबरून आर्ट्सला आला होता आणि अर्थशास्त्रात आलेख बघून पुन्हा घाबरला होता. एकाला डिप्लोमाला जायचं होतं, नंबर लागला नाही. पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या एका पोरानं हेप्स घेतलं होतं, तो मात्र मन लावून राज्यशास्त्र वाचायचा. पहाटे पळून येऊन बसमध्ये उभ्या-उभ्या डुलक्या घ्यायचा, जागा दिली तर नको म्हणायचा, पाय कडक होतात म्हणून. "मला आवडतं म्हणून" असं म्हणणारा तेवढा एकच. आणि त्यालाही विषय आवडत नव्हता, खाकी आवडत होती.

बीदरला नीटच्या क्लासला जाणाऱ्या दोघी होत्या, त्यांना विचारायला मी धजले नाही. त्या बसमध्येही एम.सी.क्यू. सोडवायच्या.

जुलैत पाऊस लागला. एक दिवस खटक चिंचोळीची मैत्रीण डबा न उघडता म्हणाली, "नानु बदलायिस्तीनी." मी बदलणार. हेप्सला, कन्नड माध्यमात. अर्ज आधीच दिला होता तिनं, मला न सांगता. घरी काय म्हणाले विचारलं, तर म्हणाली, वडील दोन दिवस जेवले नाहीत, मग जेवले. मला अप्पांचं वाक्य आठवलं, खाली उतरता येतं ते. मी तिच्याकडं नीट बघितलं. उतरलेल्या माणसासारखी ती मुळीच दिसत नव्हती. उलट जूनपासून पहिल्यांदा तिनं भाजीत मीठ कमी असल्याची तक्रार केली.

ऑफिसात गेली तेव्हा तिनं माझ्यासाठीही विचारून बघितलं. भूगोल? इल्ला. तिनं येऊन सांगितलं तेव्हा आम्ही दोघी त्या क्लार्कची नक्कल करून हसलो, पेन खाली ठेवून.

तीन रकान्यांची वही तिनं मलाच दिली. आणि तिचं बायलॉजीचं रेकॉर्डही दिलं, कारण माझं बसच्या फुटक्या खिडकीत भिजून फुगलं होतं. प्रॅक्टिकलला तीस मार्क असतात, रेकॉर्डशिवाय बसू देत नाहीत. तिच्या नावावर मी चिठ्ठी चिकटवून माझं नाव घातलं. आत पहिलीच आकृती सूक्ष्मदर्शकाची, तिनं काढलेली. टोकदार पेन्सिलनं, एक-एक स्क्रू, नावांच्या रेघा पट्टीनं ओढलेल्या, एकही रेघ दुसरीला न कापणारी. तशा चार आकृत्या तिच्या. पाचवीपासून माझ्या. माझा सूक्ष्मदर्शक पहिल्या रेकॉर्डात हातपंपासारखा दिसत होता, तो बरं झालं भिजला.

सत्र संपताना मॅडमनी रेकॉर्ड तपासायला घेतलं. पानं उलटत गेल्या. सह्या केल्या, तारखा टाकल्या. सहाव्या पानावर थांबल्या, परत पहिल्यावर गेल्या, परत सहाव्यावर आल्या.

"सुरुवातीला किती छान काढत होतीस," त्या म्हणाल्या. "नंतर लक्ष कुठं गेलं?"

"हो मॅडम," मी म्हणाले, आणि रेकॉर्ड उचललं.